घासाघीस आणि अचौर्य

हातानं केलेल्या वस्तूला ‘महाग’ म्हणायची आपल्या बायकांना फार सवय झाली आहे. त्या सवयीबद्दलच मला आज बोलायचं आहे. काही जणींना हे लागेल. लागलं तर लागू दे, कारण ज्यांच्या पोटावर ही सवय पाय देते त्यांना ते कधीपासून लागतं आहे.

डिसेंबर उजाडला की आमच्या बेळगावात प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. कॅम्पातल्या बेकऱ्यांतून केकचा वास येतो, ख्रिस्ती घरांच्या दारात कागदी तारे लागतात, आणि हॉल भाड्यानं घेऊन भरलेल्या प्रदर्शनात लोणची-पापड, साड्या, मातीचे दागिने यांच्या जोडीला लाकडी वस्तूंचा एखादा स्टॉल असतोच. आंबोली घाट उतरलं की सावंतवाडी. तिथली चितार आळी लाकडी फळं आणि खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. दुसऱ्या बाजूला, बंगळूर-म्हैसूर रस्त्यावर, चन्नपट्टण आहे, लाखेच्या रंगातल्या कातीव खेळण्यांचं गाव. ही कला जाणणाऱ्या कातारी घरांतल्या बायका नाताळच्या झाडाला टांगायच्या वस्तू विकायला आणतात. घंट्या, गोळे, भोवऱ्याच्या आकाराची लटकनं, गोल डोक्याचे छोटे देवदूत. घेणाऱ्या सगळ्या ख्रिस्ती नसतात. आमच्या जैन घरांतूनही घेतात. शेजारी द्यायला, नातवंडांच्या शाळेतल्या झाडाला लावायला, न्यू जर्सीच्या लेकीला पाठवायला.

आणि मग हे संभाषण होतं. दरवर्षी होतं, दर स्टॉलवर होतं.

“काय ओ, एवढ्याशा घंटीला दीडशे?”

“हातानं केलेली आहे, ताई.”

“हातानं केली तरी लाकूडच की शेवटी. शंभरला द्या. नाहीतर असं करा, तीन घेते, अडीचशेला द्या.”

हे बोलणारी बाई गरीब नसते, हे आधी लक्षात घेऊ या. गरीब बाई भाव विचारते, मनातल्या मनात हिशेब करते आणि पुढे जाते. घासाघीस करते ती दीडशे रुपये सहज देऊ शकणारी. तिला पैसे वाचवायचे नसतात, तिला जिंकायचं असतं. घरी गेल्यावर “दीडशे सांगत होती, मी शंभरला आणली” हे सांगण्यात जी गोडी आहे, ती तिला घंटीतही मिळत नाही.

ती घंटी कशी होते, ते एकदा बघू या.

लाकूड आधी वाळवावं लागतं. ओलं लाकूड कातलं तर वस्तू नंतर तडकते. वाळलेल्या लाकडाचे तुकडे पाडायचे, एकेक तुकडा लेथवर बसवायचा, तो फिरत असताना पटाशी धरून आधी गोल करायचा, मग आकार काढायचा. घंटी असेल तर आतून पोकळ करायची. तिची कड पातळ असते. पटाशी जरा जास्त रुतली की कड फुटली, आणि तोवरची सगळी मेहनत भुशात गेली. त्यानंतर पॉलिश पेपर. मग फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी दाबून धरायची. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळते आणि लाकडावर बसते. वरून केवड्याचं पान दाबलं की चकाकी येते. मग वर भोक, त्यात आकडा, दोरा, आत लोलक. हे सगळं करताना बारीक भुसा नाकातोंडात जात असतो, त्याची किंमत तर कुणी कुठल्याच हिशेबात धरत नाही.

आता हिशेब. आपण व्यापाऱ्यांच्या घरातल्या आहोत, हिशेबाला घाबरायचं कारण नाही. आकडे मी धरून चालते आहे. कुणाचे थोडे कमी, कुणाचे थोडे जास्त असतील. रीत तीच राहील.

समजा एक कातारी दिवसाचे आठ तास राबून २० घंट्या करतो. त्यातल्या दोन फुटतात किंवा रंगात बिघडतात. हातात राहिल्या १८. त्याची मजुरी ९०० रुपये धरू. कसबी गवंड्याला आपण जे देतो, तेवढीच. लाकूड, लाख, पॉलिश पेपर, आकडा, दोरा मिळून नगाला १५ रुपये, म्हणजे २० नगांचे ३००. वीज, पटाशांची झीज, शेडचं भाडं मिळून दिवसाला १५०. एकूण १,३५०. भागिले १८. एक घंटी ७५ रुपयांना पडली, आणि ती अजून त्याच्या घरातच आहे.

ती आपल्यापर्यंत यायला पुन्हा खर्च आहे. तीन दिवसांच्या स्टॉलचं भाडं ३,०००, जाण्यायेण्याचे आणि माल आणण्याचे १,०००, खोकी-कागद-पिशव्या ५००. तीन दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत उभं राहणाऱ्या बाईची मजुरी दिवसाला ५०० म्हटली तर १,५००. झाले ६,०००. तीन दिवसांत १५० नग गेले तर नगामागे ४०. म्हणजे घंटी ११५ रुपयांना पडली. न खपलेला माल, पुढच्या वर्षीच्या लाकडासाठी भांडवल, घरातलं दुखणंखुपणं यासाठी वर ३५ रुपये. दीडशे झाले. यात लूट कुठे आहे, ते मला दाखवा.

आता आपण “शंभरला द्या” म्हणतो तेव्हा काय होतं? पुढच्या वर्षाचे ३५ रुपये तर गेलेच, शिवाय ११५ मधले १५ रुपये कुणाच्या तरी पदरातून जातात. लाकूडवाला सोडत नाही. वीज बिल सोडत नाही. हॉलवाल्यानं भाडं आधीच घेतलेलं असतं. मग राहतं कोण? पहिल्यांदा जाते ती स्टॉलवर उभ्या राहिलेल्या बाईची मजुरी. नगामागे तिचे दहा रुपये होते, ते पूर्ण गेले. म्हणजे शंभरच्या भावानं माल गेला तर तीन दिवस ती फुकट उभी राहिली. उरलेले पाच तिच्या नवऱ्याच्या मजुरीतून. आणि ‘तीन अडीचशेला’ या भावानं सगळा माल गेला, तर तिची मजुरी शून्य आणि त्याची ९०० वरून ५१० वर येते. करून बघा वजाबाकी.

बायकांच्या कामाला घरात किंमत नाही म्हणून आपण किती बोलतो! सभांतून बोलतो, हळदीकुंकवाला जमल्यावर बोलतो. आणि बाजारात दुसरी बाई समोर आली की सगळ्यात आधी तिचीच मजुरी कापतो. नवऱ्यांवर बोलायचा आपला हक्क इथं जरा कमी होतो, असं मला वाटतं.

आता आपल्या धर्माकडे येते. मी काही पंडित नाही. पण अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार आपण पाठशाळेपासून ऐकत आलो, त्यातला एक ‘हीनाधिक मानोन्मान’. आपण त्याचा अर्थ दुकानदारापुरता ठेवतो. तराजूत मारलं, मापात खोट केली, तर अतिचार. पण अर्थ तेवढाच नाही. देताना लहान माप वापरायचं आणि घेताना मोठं, असा तो दोन मापांचा दोष आहे. घेणाराही त्यात येतो.

मग आपली मापं बघू या. मॉलमध्ये छापील किमतीच्या चिठ्ठीपुढं आपण मान खाली घालतो. तिथं “शंभरला द्या” म्हणायची जीभ उचलत नाही. लेकीकडं परदेशात गेलो की तशीच लाकडी घंटी डॉलरचं लेबल बघून निमूट घेतो, वर “किती सुबक आहे!” म्हणतो. त्या घंटीच्या किमतीत दुकानाचं भाडं आहे, जाहिरात आहे, मधल्या चार जणांचा नफा आहे. ते सगळं आपल्याला मान्य. आणि करणाऱ्याच्या घरची बाई स्वतः समोर उभी असली, मधला नफा नाहीच, की माप बदललं. बलवानाला एक माप, दुबळ्याला दुसरं. याला हीनाधिक म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं. “अदत्त म्हणजे न दिलेलं घेणं. तिनं तर स्वतःच्या हातानं दिली की! मी काय हिसकावून घेतली?” नाही, हिसकावून नाही घेतली. पण शेवटच्या दिवशी रात्री आठ वाजता, दोन खोकी तशीच भरलेली, साडेनऊची बस गाठायची, असं असताना ती जे “घ्या ताई” म्हणते, ते तिनं दिलेलं असतं का? तिनं घंटी दिली. आपला दिवस तिनं दिलेला नाही. तो आपण घेतला. नाइलाजाला संमती म्हणायचं असेल तर सावकारही कधी कुणाला लुटत नव्हते म्हणायचे.

आणखी एक युक्तिवाद मी स्वतःच्या कानांनी ऐकला आहे, तो खास आपल्यातला आहे. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा व्यापारांत लाखेचा व्यापार येतो. लाख किड्यांपासून येते, ती मिळवताना जीवहिंसा होते, हे खरं आहे. ज्या बाईनं या कारणासाठी लाखेची वस्तू घेतली नाही, तिच्यापुढं मी हात जोडते. तिनं बिनरंगाची, नुसतं तेल पुसलेली घंटी मागावी. हल्ली तशाही करतात, आणि लाकडाच्या रेषा दिसल्यामुळं त्या सुंदर दिसतात. पण माझ्या कानावर आलं ते असं: “खरं तर आम्हाला लाखेचं चालत नाही ओ. पण साठला देत असाल तर घेते.” म्हणजे दीडशेला हिंसा आणि साठला अहिंसा! पापाचा भाव करता येतो, हे मला त्या दिवशी नव्यानं कळलं. चालत नसेल तर घेऊ नका. घेणार असाल तर पूर्ण किंमत द्या. धर्माला घासाघिशीचं हत्यार करू नका.

“बाजारात डझनाचं पाकीट दोनशेला मिळतं,” हे तिसरं. मिळतं की. मशीनवर एकसारखी निघालेली, प्लास्टिकची किंवा रंगाच्या फवाऱ्याखालून गेलेली. ती घ्या, त्यात काही कमीपणा नाही. ज्या घराचं बजेट तेवढंच आहे त्या घरानं तीच घ्यावी, झाड तितकंच छान दिसतं. पण त्या पाकिटाची किंमत सांगून हातची वस्तू मागू नका. पिठलं-भाकरीच्या पैशात पुरणपोळी मागायची आणि न मिळाल्यावर स्वयंपाकिणीला लुटारू म्हणायचं, असं होतं ते.

विकणाऱ्यांनाही मला दोन शब्द सांगायचे आहेत. मशीनचा माल आणून त्यावर ‘हस्तकला’ अशी पाटी लावणारे स्टॉल आहेत. अचौर्याच्याच अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ आहे, म्हणजे अस्सल सांगून नक्कल विकणं. असा एक स्टॉल शेजारच्या दहा खऱ्यांवरचा विश्वास उडवतो. आणि दुसरं, “बायका भाव करतातच, म्हणून आधीच अडीचशे सांगते.” हे असत्यच आहे. पण तिला तिथवर आणलं कुणी? आपणच. जी पहिल्यांदा खरा भाव सांगते, तिच्याकडंही आपण शंभरच मागतो. मग खरं बोलणाऱ्याचं नुकसान आणि फुगवून सांगणाऱ्याचा फायदा, असा बाजार तयार होतो. म्हणून ‘भाव एकच’ ही पाटी मला उर्मटपणाची वाटत नाही. ती सत्याणुव्रताची पाटी आहे.

आता आपल्याच मंडळातल्या मैत्रिणींकडे वळते, कारण खरी गोम इथं आहे. आपल्यातल्या कितीतरी जणी हौस म्हणून कातलेले कोरे नग आणतात, घरी रंगवतात आणि साठ-सत्तरला विकतात. “मला काय पैसे मिळवायचे आहेत? सामानाचे निघाले की झालं. दुपारचा वेळ छान जातो.” ऐकायला हे फार निर्लोभी वाटतं. पण त्याच हॉलमध्ये पलीकडच्या टेबलावर ती कातारणीची घंटी दीडशेला आहे. गिऱ्हाईक आपल्याकडची सत्तरची बघतं आणि तिकडं जाऊन म्हणतं, “पलीकडं निम्म्यानं मिळते.” आपला दुपारचा वेळ नवऱ्याच्या पगारावर जगतो. तिचा तसा नाही. आपल्या हौशीनं तिच्या चुलीचा भाव पाडायचा नसतो.

पैसे नको असतील तर दोन सरळ वाटा आहेत. वस्तू विकू नका, भेट द्या, मनापासून द्या. किंवा पूर्ण किमतीला विका आणि मिळालेला नफा दान करा. आपल्याकडं दानाला चार वाटा सांगितल्या आहेत, एखादी सापडेल. पण आपल्या तासांची किंमत शून्य लावून बाजारात बसू नका. आपण आपल्या वेळेला शून्य म्हटलं की घरातले शून्य म्हणतात, आणि मग हळूहळू सगळ्याच बायकांच्या वेळेला शून्य म्हणायची जगाला मुभा मिळते.

स्वस्ताईचा हा हट्ट शेवटी कुणाच्या अंगावर येतो, याचं एक उदाहरण लांबचं आहे, पण याच वस्तूंचं आहे. जर्मनीत सॅक्सनीच्या डोंगराळ भागात झायफेन नावाचं गाव आहे. नाताळच्या लाकडी वस्तूंचं ते माहेरघर. तिथं आधी कथलाच्या खाणी होत्या. खाणी आटत गेल्या तशी माणसं लेथवर आली. त्यांची कला अशी की लाकडाचं एक कडं आतून-बाहेरून असं कातायचं, की ते केकसारखं कापलं तर प्रत्येक फोडीत घोडा किंवा गाय दिसावी. एवढी बुद्धी, एवढा हात. पण एकोणिसाव्या शतकात भाव ठरवणारे घाऊक व्यापारी होते, आणि त्यांना स्वस्त हवं होतं. परिणाम असा झाला की घराघरांत लहान मुलं रात्रीपर्यंत रंगकामाला बसली. वस्तू स्वस्त मिळते तेव्हा उरलेली किंमत कुणीतरी भरतच असतं. आज त्याच गावात लाकडी खेळणी करणं हा रीतसर शिकवला जाणारा व्यवसाय आहे. लोक तिथं जाऊन पूर्ण किंमत देऊन वस्तू आणतात आणि पिढ्यान्‌पिढ्या जपतात.

आपल्याकडं कला नाही असं कुणी म्हणू शकेल का? बेळगावच्या किल्ल्यातली आपली कमल बसदी १२०४ सालची, रट्टांच्या काळातली. बाहेरगावचा पाहुणा आला की आपण त्याला हौसेनं तिथं नेतो, छतातलं दगडी कमळ दाखवतो. कुणाच्या तरी हातानंच ते झालं, आणि त्या हातांबद्दल आपल्याला अभिमान वाटतो. आठशे वर्षांपूर्वीच्या हाताचं कौतुक करायला काही पडत नाही. समोर उभ्या असलेल्या हाताला दीडशे रुपये द्यावे लागतात, एवढाच फरक आहे.

कौतुकाचं म्हणाल तर ते आपण भरपूर करतो. “किती छान! हातात जादू आहे हो तुमच्या!” असं म्हणतो, मोबाईलवर फोटो काढतो, वस्तू खाली ठेवून निघून जातो. या बायकांनी मला सांगितलं आहे की, नुसतं कौतुक करणाऱ्या बाईपेक्षा गप्प बसून दीडशे देणारी त्यांना जास्त आवडते.

म्हणून माझं एक मागणं आहे. भाद्रपदात दशलक्षण पर्व येतं. उत्तम शौचाच्या दिवशी आपण लोभ सोडण्यावरचं प्रवचन ऐकतो, आणि संध्याकाळी नियम घेतो. कुणी वर्षभर बटाटा सोडतं, कुणी रात्रीचं पाणी सोडतं. यंदा एक नियम आणखी घेऊ या. जी वस्तू करणाऱ्यानं किंवा त्याच्या घरच्या माणसानं स्वतः समोर उभं राहून विकायला मांडली आहे, तिचा वर्षभर भाव करायचा नाही. परवडली तर सांगितल्या किमतीला घ्यायची. नाही परवडली तर नमस्कार करून पुढे जायचं. टवका उडालेला असेल, रंग सुटलेला असेल, तर तेवढं सांगायचं, तो गिऱ्हाइकाचा हक्क आहे. त्यापलीकडं काही नाही.

बटाट्यापेक्षा हा नियम अवघड जाईल, हे मला माहीत आहे. बटाटा सोडला की घरचे कौतुक करतात. भाव करायचं सोडलं तर “तुला बाजारहाट कळत नाही” म्हणतील. म्हणू देत. डिसेंबरच्या प्रदर्शनात कुणी किती नियम पाळला, ते बघायला मी त्या लाकडी स्टॉलच्या शेजारीच उभी असेन.